पंखा माझा, हुकूम कुणाचा?

समजा, एखाद्या कंपनीने घराच्या भिंतीवरचा पंख्याचा रेग्युलेटरच काढून टाकला आणि सांगितलं, "पंखा किती जोरात फिरायचा हे आम्ही कारखान्यातच ठरवलंय, तुम्ही फक्त खाली बसा." असा पंखा आपण घेऊ का? मे महिन्याच्या दुपारी मालेगावात, जळगावात किंवा अकोल्यात असं बोलणाऱ्या दुकानदाराला कुणी दारात उभं करणार नाही. पण चाळीस-पन्नास हजारांचा लॅपटॉप घेताना हीच अट आपण निमूटपणे मान्य करतो. आत एक पंखा असतो, त्याची किंमत आपण मोजलेली असते, त्याचा आवाज आपण ऐकतो आणि त्याच्या धुळीचा त्रासही आपल्यालाच होतो. पण तो कधी फिरायचा, कधी थांबायचा, हा हुकूम मात्र दुसऱ्याचा.

माझं म्हणणं सरळ आहे. लॅपटॉपच्या प्रोसेसरने किती वीज खायची आणि त्याच्या पंख्याने कधी किती फिरायचं, हे सुरक्षित मर्यादेत ठरवण्याचा अधिकार विकत घेणाऱ्याला असला पाहिजे. बऱ्याच कंपन्या तो देत नाहीत, म्हणून लोक तिसऱ्याच कुणाचं सॉफ्टवेअर शोधतात. मग त्याच लोकांना 'मशीनशी छेडछाड करणारे' म्हटलं जातं. कुलूप लावणारा साव आणि स्वतःच्याच घराची खिडकी उघडणारा चोर, असा हा न्याय आहे.

मी भाषेचा शिक्षक आहे, इंजिनिअर नाही. 'मालक', 'हक्क', 'हुकूम' हे तिन्ही शब्द अरबीतून निघून फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले. उर्दूच्या तासाला 'हक़' शिकवताना मुलांना सांगतो की, हक म्हणजे जे खरं आहे ते, आणि ज्याचं त्याला मिळायला हवं तेही. त्या अर्थाने पाहिलं तर लॅपटॉपच्या बाबतीत आपण मालक नाही. आपण पूर्ण किंमत मोजलेले भाडेकरू आहोत.

आधी विषय नीट समजून घेऊ. प्रोसेसर म्हणजे विजेची उष्णता करणारी वस्तू. तो जितके वॉट खातो तितकी उष्णता त्याच्यातून बाहेर पडते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये याला मुख्यतः दोन लगाम असतात. एक दीर्घकाळाची मर्यादा, जिला पीएल-वन म्हणतात. दुसरी थोड्या वेळासाठीची, पीएल-टू. हा थोडा वेळ म्हणजे किती, हे ठरवणारा तिसरा आकडा म्हणजे 'टाऊ', तो बहुधा काही सेकंदांचा असतो. एएमडीकडे नावं वेगळी आहेत, तत्त्व तेच. लॅपटॉप सुरू करून एखादी जड फाईल उघडली की तो आधी जोरात पळतो आणि थोड्या वेळाने दमतो, तो या आकड्यांमुळे.

आता मेख पाहा. बाराव्या पिढीपासून इंटेलने 'टीडीपी' हा जुना शब्द बाजूला ठेवून वेगवेगळे आकडे द्यायला सुरुवात केली. आय५-१२३५यू हा आपल्याकडच्या मधल्या किमतीच्या लॅपटॉपांत भरपूर दिसलेला प्रोसेसर घ्या. त्याची मूळ मर्यादा १५ वॉट, कमाल टर्बो ५५ वॉट, आणि कंपनीला हवं तर खाली १२ वॉटपर्यंत आणायची मुभा. म्हणजे एकाच नावाचा प्रोसेसर एका लॅपटॉपमध्ये तासभर १२ वॉटवर रांगू शकतो आणि दुसऱ्यात २५ वॉटवर धावू शकतो. खोक्यावरचं स्टिकर मात्र दोन्हीकडे तेच. दुकानात आपण 'आय५ आहे ना?' एवढंच विचारतो आणि दुकानदारही 'हो, आय५च' म्हणून खरंच सांगतो. पुस्तकाचं मुखपृष्ठ एकच, आतली पानं कमी-जास्त. छताच्या पंख्यावर १ जानेवारी २०२३पासून स्टार लेबल सक्तीचं झालं, हजार-दोन हजारांच्या वस्तूने आपली पत्रिका उघडी करावी असा नियम झाला. पन्नास हजारांचा लॅपटॉप किती वॉटवर टिकून चालतो, हे मात्र खोक्यावर कुठेही लिहिलेलं नसतं.

दुसरा भाग पंख्याचा. लॅपटॉपमध्ये 'एम्बेडेड कंट्रोलर' नावाची एक छोटी चिप असते. कीबोर्ड, बॅटरीचं चार्जिंग, झाकण उघडलं की नाही, अशी घरकामं ती करते आणि बहुतेक लॅपटॉपांत पंखाही तिच्याच हाती असतो. किती अंशांना किती वेगाने फिरायचं, याचा एक तक्ता तिच्यात भरलेला असतो. तो तक्ता बनवणाऱ्याला शांत लॅपटॉप विकायचा असेल तर पंखा उशिरा सुरू होतो. जाहिरातीत 'आवाज नाही' हे दाखवता येतं आणि त्याचे चटके मांडीला बसतात.

हा तक्ता बनतो कुठे? वातानुकूलित प्रयोगशाळेत. आणि वापरला जातो कुठे? पत्र्याच्या छताखाली. इथे गणित अगदी शाळेतलं आहे. पंखा चिपला बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त उष्णता हवेत सोडतो. समजा एखाद्या कामात चिप खोलीच्या तापमानापेक्षा ५० अंश वर जाते. २५ अंशांच्या खोलीत ती ७५वर थांबेल, ४३ अंशांच्या खोलीत ९३वर. अनेक प्रोसेसरांची हद्द १०० अंशांच्या आसपास असते. म्हणजे ज्या मशीनला तिकडे पंचवीस अंशांची सवड होती, तिला इथे सातच अंश उरतात. तिथून पुढे प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग पाडतो. त्याच उष्णतेत बॅटरीही तापते, आणि लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. ज्या घरात एकच लॅपटॉप आहे, दोन बहिणी आणि एक भाऊ त्यावर पाळीपाळीने अभ्यास करतात, हप्ते अजून फिटायचे आहेत, तिथे बॅटरी दोन वर्षांत गेली की चार वर्षांत, हा चैनीचा प्रश्न राहत नाही.

यावर उपाय फार अवघड नाही. दीर्घकाळाची मर्यादा थोडी खाली आणायची. वीज निम्मी केली म्हणून वेग निम्मा होत नाही. कारण वेग वाढवताना व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. शेवटच्या थोड्या वेगासाठी सर्वांत जास्त वॉट जळतात. तो शेवटचा हट्ट सोडला की मशीन बरंच थंड होतं आणि काम जवळजवळ तेवढंच होतं. म्हणून जाणकार लोक थ्रॉटलस्टॉप वापरून इंटेलच्या मर्यादा बदलतात, एएमडीसाठी रायझनअ‍ॅडजे वापरतात, पंख्यासाठी नोटबुक फॅनकंट्रोल किंवा थिंकपॅडवर थिंकफॅन लावतात. यातलं एकही सॉफ्टवेअर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने दिलेलं नाही. ते लोकांनी लोकांसाठी लिहिलं आहे.

'कंपनीला आपल्यापेक्षा जास्त कळतं' असं म्हणणाऱ्यांनी २०१८चा जुलै महिना आठवावा. अ‍ॅपलने आय९ प्रोसेसरचा मॅकबुक प्रो बाजारात आणला. डेव्ह ली या यूट्यूबरने दाखवलं की, एक व्हिडिओ तयार करायला या नव्या मशीनला सुमारे ३९ मिनिटं लागली, आदल्या वर्षीच्या मॉडेलपेक्षाही जास्त. तेच मशीन फ्रीजरमध्ये ठेवल्यावर काम सुमारे २७ मिनिटांत उरकलं. लाखोंचा लॅपटॉप आणि त्याला काम करायला बर्फाची पेटी! काही वापरकर्त्यांनी व्होल्टा नावाच्या तिसऱ्या पक्षाच्या सॉफ्टवेअरने विजेची मर्यादा खाली आवळली, तर वेगाचे हेलकावे कमी झाल्याचं त्यांना दिसलं. काही दिवसांतच अ‍ॅपलने मान्य केलं की, उष्णता सांभाळणाऱ्या फर्मवेअरमध्ये एक 'डिजिटल की' राहून गेली होती, आणि दुरुस्तीचं अपडेट दिलं. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीची ही गोष्ट. त्याच सुमारास लिनक्सवर चालणारे काही थिंकपॅड ८० अंशांनाच वेग पाडत होते, विंडोजवर मात्र त्यांना त्याहून वर जायची मोकळीक होती. तिथेही पहिला उतारा एका वापरकर्त्याने लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्टमधून आला. कंपनीचा इलाज मागाहून आला.

माझा अनुभव छोटा आहे. एका कंपनीच्या लॅपटॉपवर, जिचं नाव इथे महत्त्वाचं नाही, मी मुलांसाठी धड्यांचे व्हिडिओ बनवतो. एका बायोस अपडेटनंतर तेच काम दीडपट वेळ घेऊ लागलं. अपडेटच्या माहितीत एकच ओळ होती: 'कार्यक्षमता आणि स्थैर्य यांत सुधारणा'. सेवा केंद्रात दोन खेपा झाल्या, उत्तर एकच, "सर, मशीन नॉर्मल आहे." थ्रॉटलस्टॉपने दाखवलं की दीर्घकाळाची मर्यादा १२ वॉटवर आणून ठेवली आहे. त्या मशीनला कुलूप नव्हतं म्हणून मी ती १८ केली, तापमान ८५च्या आत राहिलं आणि काम पूर्ववत झालं. मुद्दा सहा वॉटचा नाही. विकलेल्या वस्तूची ताकद विक्रीनंतर कमी केली जाते आणि मालकाला ते सांगितलंही जात नाही, हा आहे. दूधवाल्याने न सांगता माप बदललं तर आपण गल्ली गोळा करतो.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे घेऊ. ते पोकळ नाहीत.

पहिला मुद्दा सुरक्षेचा. असली अनेक सॉफ्टवेअर्स विनरिंग-झिरो नावाच्या एका जुन्या ड्रायव्हरवर उभी होती. हा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो आणि प्रोसेसरच्या आतल्या नोंदवह्या थेट वाचू-लिहू देतो. त्यातली कमकुवत बाजू २०२०मध्येच नोंदली गेली होती. कारण जे दार पंखा चालवणाऱ्याला उघडतं, तेच व्हायरसलाही उघडतं. मार्च २०२५मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरने या ड्रायव्हरला धोकादायक ठरवून अडवायला सुरुवात केली आणि पंखे सांभाळणारी कित्येक सॉफ्टवेअर्स एका रात्रीत लंगडी झाली. मी मायक्रोसॉफ्टला दोष देणार नाही. तो ड्रायव्हर खरंच धोक्याचा होता.

पण एक प्रश्न उरतोच. लोकांना असा ड्रायव्हर वापरावा का लागला? कारण पुढचं दार बंद होतं. जिथे दार आहे तिथे कुणी भिंत फोडत नाही. आसुसच्या लॅपटॉपांसाठी जी-हेल्पर नावाचं मोफत आणि खुलं सॉफ्टवेअर आहे. ते कंपनीच्याच ड्रायव्हरने उघडलेल्या वाटेने पंख्याचा तक्ता आणि विजेच्या मर्यादा बदलतं. लिनक्सच्या गाभ्यातच विजेच्या मर्यादेसाठी 'पॉवरकॅप' नावाची अधिकृत सोय आहे. प्रशासकाचा पासवर्ड द्या, आकडा लिहा, झालं. म्हणजे सुरक्षित वाट बांधता येते, फक्त बांधायची इच्छा हवी. आधी दार द्यायचं नाही आणि मग खिडकीतून येणाऱ्याकडे बोट दाखवून 'बघा, किती असुरक्षित' म्हणायचं, हा युक्तिवाद मला मान्य नाही. विनरिंग-झिरोला पॉनआयओसारखे अधिक बंदिस्त पर्याय पुढे आले, तेही स्वतंत्र प्रोग्रामरांच्या धडपडीतून.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. डिसेंबर २०१९मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्यूवेनच्या संशोधकांनी 'प्लंडरव्होल्ट' हा हल्ला जाहीर केला. प्रोसेसरचं व्होल्टेज खाली ओढून एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातली गुपितं काढता येतात, हे त्यांनी दाखवलं. संशोधन अस्सल होतं. इंटेलने व्होल्टेज बदलण्याची सोय बंद करता येईल असे अपडेट दिले, आणि लॅपटॉप कंपन्यांनी सरसकट कुलपं ठोकली. व्होल्टेज थोडं कमी करून मशीन थंड ठेवणारे हजारो लोक एका अपडेटने बाहेर फेकले गेले. पुढे अकराव्या पिढीपासून इंटेलने घरगुती प्रोसेसरांतून एसजीएक्सच काढून घेतलं. ज्या तिजोरीसाठी कुलूप लावलं ती तिजोरी गेली, बऱ्याच लॅपटॉपांवरचं कुलूप मात्र तसंच राहिलं. सुरक्षेचं कारण खरं असतं तेव्हा ते कारणासोबत संपतं. सवय झाली की ते संपत नाही.

तिसरा मुद्दा, 'अडाणी माणूस मशीन जाळून घेईल.' स्वयंपाकघरातला कुकर पाहा. गॅसची ज्योत किती ठेवायची हे घरातली बाई ठरवते. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र कंपनीचा, त्याला कुणी हात लावत नाही. दोन्ही एकाच भांड्याला लागू आहेत आणि त्यांचं भांडण नाही. प्रोसेसरमध्येही असा व्हॉल्व्ह आहे. हद्द ओलांडली की चिप वेग पाडते, त्याही पुढे गेलं तर मशीन तडक बंद होतं, आणि हे शेवटचं संरक्षण हार्डवेअरमध्येच असतं. आम्ही ज्योतीची कळ मागतोय. तुम्ही व्हॉल्व्ह दाखवून कळ नाकारताय.

यात एक फरक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. वॉट कमी करणं आणि पंखा जोरात फिरवणं, या दोन्हींत फारसा धोका नाही. वॉट वाढवणं किंवा आवाज नको म्हणून पंखा मंद करणं, हे वेगळं. प्रोसेसर स्वतःला वाचवेल, पण शेजारची एसएसडी, वीज पुरवणारे सुटे भाग आणि बॅटरी यांच्याकडे तसाच व्हॉल्व्ह असेल याची खात्री नाही. नोटबुक फॅनकंट्रोलमध्ये प्रत्येक मॉडेलची वेगळी फाईल असते. दुसऱ्याच मॉडेलची फाईल लावली तर आपण त्या छोट्या चिपच्या भलत्याच कप्प्यात लिहितो, आणि तीच चिप बॅटरीचं चार्जिंगही पाहते.

म्हणूनच माझा राग फक्त कंपन्यांवर नाही. 'स्पीड दुप्पट' असं लिहून व्हिडिओ टाकणारे, पहिल्याच मिनिटाला 'अँटिव्हायरस बंद करा' सांगणारे आणि कुठल्यातरी ड्राइव्हवरची फाईल उतरवायला लावणारे भाईसाहेबही याच दुखण्याचा भाग आहेत. गेम खेळायला मिळेल या आशेने आपल्या मोहल्ल्यातली पोरं हेच करतात, आणि मग घरातल्या एकुलत्या मशीनवरून अब्बांचा बँकेचा पासवर्ड जातो. कंपनी अधिकृत कळ देत नाही, त्या रिकाम्या जागेत हे लोक दुकान मांडतात. हक्क मागणाऱ्याने अक्कलही बाळगली पाहिजे. सॉफ्टवेअर त्याच्या मूळ पानावरूनच घ्या. आधी आठवडाभर फक्त तापमान आणि वॉट बघा, काही बदलू नका. बदललंत तर खालच्या दिशेने, थोडं थोडं, आणि मूळ आकडे वहीत लिहून. एवढंही नको असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के करून पाहा. बऱ्याच मशीनवर त्याने टर्बो बंद होतो. हा हातोडा आहे, स्क्रू-ड्रायव्हर नव्हे, वेग जाणवण्याइतका पडेल. पण उन्हाळा निघतो, आणि बाहेरचं काही बसवावं लागत नाही. त्याही आधी पंख्यातली धूळ काढा. धुळीने बुजलेल्या जाळीला कुठलंच सॉफ्टवेअर पुरत नाही.

चौथा मुद्दा वॉरंटीचा. सॉफ्टवेअरचं नाव काढलं की काउंटरवरचा माणूस मान हलवतो. छताचा पंखा तीनवर चालवला म्हणून कुणी वॉरंटी नाकारत नाही. प्रोसेसर बनवणाऱ्यानेच जी खालची मर्यादा मान्य केली आहे, तिच्या आत राहून मशीन थंड ठेवणारा ग्राहक मशीनचं आयुष्य वाढवतोय. त्याला शिक्षा कसली?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. एक, खोक्यावर लिहा की हा लॅपटॉप सलग कामात किती वॉटवर टिकतो आणि किती अंशांच्या खोलीत तपासला आहे. २५ नव्हे, ४० अंशांचा आकडाही द्या, इथे विकताय तर इथलं ऊन मोजा. दोन, बायोसमध्ये दोन कळा द्या, एक वॉट कमी करण्याची, दुसरी पंख्याचा तक्ता बदलण्याची. व्हॉल्व्ह तुमच्याकडे ठेवा. तीन, बाहेरच्या प्रोग्रामरांसाठी एक सुरक्षित, लिखित वाट उघडा. चार, अपडेटने मर्यादा बदलणार असेल तर ते स्पष्ट शब्दांत सांगा आणि मागे फिरायची सोय ठेवा. हे स्वप्नरंजन नाही. फ्रेमवर्क या छोट्या कंपनीने २०२२मध्ये आपल्या लॅपटॉपच्या एम्बेडेड कंट्रोलरचं फर्मवेअरच खुलं केलं. कंपनी बुडाली नाही आणि लॅपटॉपांना आगीही लागल्या नाहीत.

केंद्र सरकारने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. चांगली सुरुवात. पण दुरुस्ती म्हणजे फक्त स्क्रू आणि सुटे भाग नव्हेत. आज मशीन बिघडतं ते आकड्यांतही. आकडा दुरुस्त करायचा हक्क नसेल तर स्क्रू उघडायचा हक्क अर्धाच आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्हींची दखल आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अपडेटनंतर मशीन मंदावलं असेल तर आधीचे-नंतरचे आकडे जपा आणि लेखी तक्रार करा. तोंडी तक्रारीला 'नॉर्मल आहे' हे उत्तर पुरतं, लेखी तक्रारीला पुरत नाही.

जूनमध्ये कॉलेजांचे प्रवेश सुरू होतील आणि कितीतरी आई-बाप मुलींसाठी, मुलांसाठी पहिला लॅपटॉप घ्यायला निघतील. दुकानात 'आय५ आहे ना?' एवढ्यावर थांबू नका. विचारा, "सलग कामात किती वॉटवर चालतो? पंख्याची सेटिंग बायोसमध्ये आहे का?" दुकानदाराला उत्तर येणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर तो वितरकाला विचारेल, आणि वितरक कंपनीला.